द्राक्षाच्या तारेचा फ्यूज

गाणं ऐकायला कान लागतात, असा माझा आपला साधा समज. पण आमचे साडू ललितराव म्हणतात, वॅट लागतात. आता हा वॅट म्हणजे नेमकं काय प्रकरण, ते मला आजपर्यंत कोणी धड सांगितलेलं नाही. ज्याला विचारावं तो हाताचे पंजे लांब लांब नेऊन दाखवतो, मासा केवढा होता ते सांगतात तसा. आमच्या नाशकात सिडकोत राहणारी डिप्लोमावाली माणसं वॅटवर बोलतात, आम्ही मखमलाबादचे भाजीवाले पाटाच्या पाण्यावर बोलतो. शेवटी दोन्हीकडं भांडणच निघतं.

तर ललितरावांनी त्यांच्या सुमोत अँप्लिफायर बसवला. म्हणून मी माझ्या मारुती व्हॅनमध्ये बसवला. तोच, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा. आमची मीना म्हणायला लागली होती, "तृप्तीच्या गाडीत बसलं की कसं छातीत धडधडतं!" बहिणीच्या गाडीत हिला धडधडतं आणि माझ्या गाडीत मेथीचा वास येतो. मग काय करणार माणूस? सीटखाली अँप्लिफायर टाकला, मागं तो ढोलाएवढा बफर टाकला. मेथीच्या जुड्या ठेवायला जागा राहिली नाही. पण जुड्या नाचायला लागल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो भारतच्या लग्नात. भारत म्हणजे माझा धाकटा मेव्हणा. सासुरवाडी निफाडच्या पुढं. आमच्याकडं रीत अशी, की मांडवाच्या दिवशी घरच्या जावयांनी शिवारात जायचं, आंब्या-जांभळीचे डहाळे तोडायचे, बैलगाडीत घालून वाजतगाजत मारुतीच्या देवळापाशी आणायचे. तिथं घरच्या बाया पाण्याचा हंडा आणि आरतीचं ताट घेऊन सामोऱ्या येतात. गाडी ओवाळतात. मग थोरल्या जावयाला टॉवेल-टोपी. टॉवेल असा, की त्यातून पलीकडचं गाव दिसावं, आणि टोपी देवानं निर्माण केलेल्या कुठल्याच डोक्याला बसत नाही. पण मान म्हणजे मान. तो काय डोक्याच्या मापानं घ्यायचा असतो?

टिळ्याच्या दिवशी ललितराव जिलबी खाता खाता म्हणाले, "मामा, बैलगाडी कशाला आता? मी सुमोत आणतो डहाळे. वाजवत आणतो. वाजंत्रीसुद्धा नको."

मी म्हणलं, "थोरला जावई कोण आहे?"

"तुम्हीच की दादा. पण तुमची गाडी..."

"माझ्या गाडीला काय झालं? व्हॅनमध्ये येतील डहाळे. आणि वाजत येतील."

आमचे सासरे सावळीराममामा. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. म्हणाले, "जयरामराव, मान तुमचा. त्यात दुमत नाय. पण ते वाजलं पाहिजे बरं का. मी भावकीत सांगून बसलोय, औंदा वाजंत्री नाय, आमचे जावई वाजवीत येणार. नाय वाजलं, तर सुमो हायच."

हे 'सुमो हायच' माझ्या काळजात काट्यासारखं बसलं.

आता ज्या वस्तूवर माणसाची इज्जत अवलंबून असते, ती वस्तू बरोबर त्याच टायमाला बसते. मंडईतून परत येताना गाणं मधेच थांबलं. घरासमोर गाडी लावली. शेजारचा गोरक्ष रिक्षावाला आला. गोरक्षला रिक्षा सोडून जगातल्या सगळ्या यंत्रांची माहिती आहे. रिक्षा त्याची नेहमी गॅरेजलाच असते. त्यानं सीटखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "काय नाय भाऊ, फ्यूज उडालाय. बारका प्रॉब्लेम."

"मग शालिमारच्या बाजारात जाऊन नवा आणावा लागंल."

"फ्यूजसाठी कुठं शालिमारला जाता? तार टाका एखादी. फ्यूज म्हणजे तरी काय, तारच. कंपनीवाले बारकी टाकतात मुद्दाम, परत परत घ्यावा म्हणून."

हे मला पटलं. कंपनीवाल्यांबद्दल वाईट बोललं की मला लगेच पटतं. घरात तार होती. कारल्याच्या मांडवासाठी सासुरवाडीहून द्राक्षबागेची तार आणलेली होती. अस्सल माल. मी गोरक्षला तुकडा दाखवला. "ही टनभर द्राक्षं तोलती, बोल. गाण्याचं वजन ते किती?"

गोरक्ष विचारात पडला. "ते गाण्यावर आहे भाऊ. भजन असलं तर हलकं जातं. लग्नाची गाणी जड असतात."

"मग जाडच टाकू," मी म्हणलं.

तार टाकली. आणि तुम्हाला सांगतो, काय वाजला तो! फ्यूज असताना कधी असा वाजला नाही. गोरक्षच्या पत्र्यावरच्या कोंबड्या खाली आल्या. मी गोरक्षकडं असं पाहिलं, जसं काय वीज मीच शोधली. तेवढ्यात वास आला. मला वाटलं, समोरच्या मंगलाबाई मिरच्या भाजतायत. तर मंगलाबाई स्वतःच पदर नाकाला लावून दारात येऊन म्हणाल्या, "काय हो जयरामभाऊ, तुमच्याकडं मिरच्या भाजतायत का?"

मग सीटखालून धूर निघाला. काळा, जाड, बुवाच्या जटेसारखा. मी तार उपसायला गेलो तर बोट भाजलं. मंगलाबाईंनी कोंबड्यांच्या पाण्याची बादली उचलली आणि सीटखाली ओतली. त्यात कोंबड्यांनी काय काय केलेलं असेल ते सगळं आत गेलं. धूर थांबला. मंगलाबाई म्हणाल्या, "मी होते म्हणून." त्यानंतर ते वाक्य त्या अख्ख्या आळीला वर्षभर ऐकवत होत्या.

मीना दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तृप्तीला फोन करू का? सुमो धुऊन ठेव म्हणते."

"अजून लग्नाला टाईम आहे," मी म्हणलं आणि बोट तोंडात घातलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेचा दरवाजा, आत गारेगार. मी सवयीनं चपला बाहेर काढल्या, त्यामुळं तिथला टायवाला पोरगा माझ्याशी मंदिरात आलेल्या माणसाशी बोलावं तसा बोलायला लागला. त्यानं झाकण उघडलं आणि चिमट्यानं माझा तारेचा तुकडा वर धरला. डॉक्टर मुतखडा दाखवतात तसा.

"सर, हे काय आहे?"

"तार."

"कसली तार, सर?"

"द्राक्षाची."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी टाईप केलं. मला इंग्रजी येत नाही, पण द्राक्षाला इंग्रजीत काय म्हणतात तेवढं येतं. आमच्या सासुरवाडीच्या खोक्यांवर छापलेलं असतं. त्या गाढवानं तेच लिहिलं होतं.

"सॉरी सर, फळांमुळं झालेलं नुकसान गॅरंटीत येत नाही."

"अरे बाबा, फळ कुठून आलं? तार आहे ती!"

"सर, इथं मला उंदीर, पाणी, वीज पडणं आणि इतर एवढंच दिसतंय. इतरमध्ये टाकलं की मुंबईला जाईल. मुंबईहून परत यायला वेळ लागतो."

"मग पाण्यात टाक. पाणीपण गेलंय. आमच्या मंगलाबाईंनी ओतलंय."

"सर, पाणी गॅरंटीत नाही."

"मग ते तिथं लिहिलंय कशाला?"

"नाही म्हणायला, सर."

अशा माणसाशी काय बोलणार? मी चपला घातल्या आणि अँप्लिफायर काखेत मारून बाहेर आलो. एवढं शिकून, टाय बांधून, शेवटी नाहीच म्हणायचं, तर ते काम आमच्या मंगलाबाईसुद्धा करतात, आणि त्यांना गारवा लागत नाही.

गोरक्ष म्हणाला, "निफाडला गोटीराम आहे. तालुक्यातल्या सगळ्या मंडळांचे भोंगे त्याच्याकडं." म्हणून निफाडला गेलो. गोटीरामचं दुकान म्हणजे भोंग्यांचं स्मशान. तोंडात मावा, त्यामुळं निम्मं बोलणं मान हलवून. बोलायचा तेव्हा मात्र असा बोलायचा, जसं काय रेडिओ यानंच बनवला आणि बाकीच्यांनी नाव केलं. त्यानं डबा उघडून आतल्या किटावर बोट ठेवलं. तिथं भाजून काळी झालेली बारकी नळकांडी होती, ओळीनं, पेटीतल्या जळक्या काड्यांसारखी.

"ह्याच्यावर रंगाच्या पट्ट्या असत्यात," तो म्हणाला. "त्या पट्ट्या म्हंजी त्याचं नाव-गाव. कोण, किती ताकदीचा, सगळं. तुमच्यात नाव-गावच जळून गेलं. आता मी कुठला टाकू?"

"अंदाजानं टाका."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी कसायाला गाईचं औषध विचारलं. "अंदाजानं टाकला तर परत धूर. असाच अँप्लिफायर दुसऱ्या कोणाकडं हाय का?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "साडूकडं आहे."

"मग झालं की. तो उघडा, पट्ट्यांचे रंग बघून या."

जगात एवढी माणसं, एवढे अँप्लिफायर, आणि माझं नाव-गाव शोधायला मला जायचं ललितरावांच्या दारात!

परत येताना जकात नाक्यावर अडवलं. एरवी मी भाजी घेऊन जातो तर कुत्रं विचारत नाही. आज पुढच्या सीटवर अँप्लिफायर दिसला.

"माल काय?"

"माल नाही साहेब. माझाच आहे. जळालेला आहे."

साहेबानं तो हुंगला. "जळालेला दिसतोय. पण जळालेला माल कुठल्या सदरात बसतो ते बघायला पाहिजे. इलेक्ट्रॉनिकचा दर वेगळा, भंगारचा वेगळा. भंगार आहे म्हणा, लगेच सोडतो."

आता खरं पाहिलं तर म्हणून टाकायचं आणि निघायचं. पण आठवडाभर मी ज्याच्यासाठी बोट भाजून घेतलं, फळवाला म्हणून नोंदलो गेलो, त्याला मी स्वतःच्या तोंडानं भंगार म्हणू?

"भंगार नाही," मी म्हणलं. "बिघडलाय."

"बिघडलेलं असं सदर नाही."

"मग चांगला आहे असं धरा."

आणि धरलं त्यांनी. जळक्या अँप्लिफायरची नव्या भावानं जकात भरून मी ताठ मानेनं शहरात शिरलो. मीनाला हे सांगितलं नाही. तिला सदर वगैरे समजत नाही.

मग सिडको. ललितराव कंपनीत असतील अशी दुपार पाहून गेलो. हातात पिशवीभर वांगी, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मेव्हणी तृप्ती दारात आली.

"दाजी! आज कसे काय इकडं?"

"वांगी आणली."

"पण हे तर वांगी खातच नाहीत."

"म्हणूनच आणली. तुम्हाला पुरतील."

चहा झाला. मी म्हणलं, "सुमोची चावी दे गं जरा. परवा मांडवाच्या सामानाला जागा किती होईल ते बघतो." भोळी आहे. दिली. खाली जाऊन मी सुमोच्या मागच्या भागात गुडघे टेकले, झाकणाचे स्क्रू काढले. आत बघतो तर काय, सगळी नळकांडी कशी रंगीत, हिरवी-पिवळी, जत्रेतल्या बांगड्यांसारखी! मला गहिवरून आलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, काही हरवलं का?"

ललितराव. दुपारीच सुटले होते. आता काय सांगणार? सांगितलं. तार, धूर, गोटीराम, पट्ट्या. मला वाटलं माणूस हसेल, ओरडेल, हाकलून देईल. पण शिकलेल्या माणसाचा एक रोग असतो. समोरच्याला काही येत नाही असं दिसलं की त्याचा राग पळून जातो आणि त्याला शिकवावंसं वाटतं. त्यांनी माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"पट्ट्या अशा कुठूनही वाचायच्या नसतात दादा. सोनेरी पट्टी उजवीकडं ठेवायची. थांबा, तुम्हाला करंट कसा जातो तेच दाखवतो. चावी फिरवा."

"बंदच बरं नाही का?"

"दादा, मी डिप्लोमा केलाय."

मी चावी फिरवली. ते म्हणाले, "हे बघा, इथून करंट येतो, आणि इथं..." आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक येतो आणि जातोच्या बरोबर मधे टेकवलं.

चटाक!

तोच धूर. तोच वास. मी ओळखला लगेच. जी गोष्ट करायला मला द्राक्षबागेची तार लागली, ती या माणसानं नुसत्या शिक्षणाच्या जोरावर करून दाखवली.

आम्ही दोघं अजून सुमोच्या मागं गुडघ्यावरच होतो. वरून तृप्तीनं विचारलं, "अहो, काय जळतंय?" ललितराव म्हणाले, "शेजारी कोणीतरी मिरच्या भाजतंय." तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल थोडं आपलेपण वाटलं.

दोघं मिळून गोटीरामकडं गेलो. त्यानं दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले, मान हलवली, मावा थुंकला. म्हणाला, "दोहोंचा मिळून एक करतो." आणि काम करता करता, सहज, "तसंबी ह्याच्यात डावीकडं जे असतं तेच उजवीकडं असतं. एक बाजू जळली तर दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या बघायच्या. ह्या भाऊंची एकच बाजू गेलती."

माझ्या कानात शिट्टी वाजली. "मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुम्हीच म्हणले, साडूकडं हाय. मला वाटलं, जायाचंच असंल तुम्हाला."

ललितराव माझ्याकडं बघत राहिले. मी भोंगे बघत राहिलो.

असा एक अँप्लिफायर तयार झाला. डबा माझा, आतडी त्यांची. निफाड ते नाशिक आम्ही तो कोणाचा यावर भांडलो. ते म्हणाले, माणूस डोक्यावरून ओळखतात की कपड्यावरून? मी म्हणलं, आमच्या भावकीत तर कपड्यावरूनच. शेवटी ठरलं की व्हॅन माझी, मान माझा. वाजवायला शेजारी ललितराव. आणि त्यांची सुमोपण मुकी झालीय हे सासऱ्यांना कळू द्यायचं नाही.

मांडवाचा दिवस उजाडला. बरोबर दोन चुलत मेव्हणे घेऊन आम्ही ओढ्याकाठी डहाळे तोडायला गेलो. ललितरावांनी इंजिन बंद ठेवून गाणी लावली, "उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?" आणि काय सांगू, तो असा वाजला! एकेक ठोका पोटात. आंब्याचं पान न् पान हलत होतं. आख्ख्या जन्मात असा वाजला नसेल. ऐकायला कोण? एक शेळी, आणि ज्वारीतलं बुजगावणं. आम्ही निवांत डहाळे तोडले, व्हॅन टपापर्यंत भरली, ऐटीत बसलो, चावी फिरवली.

काहीच नाही. दिवा नाही, हॉर्न नाही. अँप्लिफायरनं बॅटरी चाटूनपुसून खाल्ली होती. ढकलून पाहिलं, तर काळ्या मातीत चाकं अशी जड फिरली, जसे सासुरवाडीतून निघताना जावयाचे पाय. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

तेवढ्यात सासऱ्यांचा निरोप घेऊन सायकलवर माणूस आला. "बाया कवाच्या देवळापाशी उभ्या हायत. मामा विचारत्यात, काय वाजंना का काय? सुमो धाडू का?"

ललितराव आणि मी एकदम ओरडलो, "नको!" सुमो आली की सगळे म्हणणार, आता ही वाजवा. आणि ती कशानं वाजणार? तिचं काळीज माझ्या डब्यात.

"ढकलत नेऊ," मी म्हणलं. "थोरला जावई मी, मी स्टेअरिंगला बसतो. तुम्ही तिघं मागं लागा."

ललितराव हरले होते, पण डिप्लोमा हरला नव्हता. म्हणाले, "नुसतं ढकलून जमणार नाही. पुढून एकानं ओढलं तर मागच्यांना जोर कमी लागतो. दोर आणा." पंपाच्या खोलीतून दोरखंड आणला. त्यांनी तो पुढच्या बंपरला बांधला, स्वतःच्या खांद्यावरून घेतला आणि वाकून ओढायला लागले. इस्त्रीची पॅण्ट, पॉलिशचे बूट, चष्मा नाकावर घसरलेला. मी आत, कोपर खिडकीबाहेर काढून, नवरदेवासारखा. तुम्हाला सांगतो, रस्ताभर मी जे सुख भोगलं त्याला वॅट लागत नाही. लोक बांधावर येऊन बघत होते. मी मधूनच म्हणायचो, "ललितराव, जरा डावीकडं."

देवळापाशी आलो. वाजलं काहीच नाही, पण हसण्याचाच एवढा गलका उठला, की वाजंत्री कमी पडावी. पुढं उभ्या होत्या चिमणाबाई, सासऱ्यांची थोरली बहीण. त्या घरात देव एक वेळ चुकेल, पण आत्याबाईंची रीत चुकत नाही. मी मान थोडी खाली केली, टोपीला सोपं जावं म्हणून.

आत्याबाई माझ्या खिडकीवरून पुढं गेल्या. ललितरावांपुढं थांबल्या. हंडा तिरपा केला आणि त्यांच्या बुटांवर पाणी ओतलं.

"आत्याबाई," मी आतून हाक मारली, "थोरला जावई इकडं आहे."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पण आदी गाडी ओढणाऱ्याचं पाय धुवायचं असत्यात. बैल असो का माणूस. रीत ती रीत. काढा हो बूट."

ललितरावांनी बूट काढले. बायांनी पाय धुतले, कपाळाला मळवट भरला. कोणीतरी घरातून बैलाची झूल आणली, ती पाठीवर टाकली. आत्याबाईंनी पुरणपोळी मोडून तोंडात घातली. तृप्ती हसून हसून मागं भिंतीला टेकली होती. पहिल्यांदा ते लाजले, मग त्यांची मान हळूहळू वर झाली, आणि शेवटी असे उभे राहिले, जसे काय पोळ्याला पहिल्या नंबरानं आलेत. बायांनी त्यांच्या नावानं गाणं रचून म्हणलं. सासरेबुवा डोळे पुसत हसत होते. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "सावळीराम, लय लग्नं पाहिली, पर असा मांडव नाय पाहिला!" सासऱ्यांची छाती फुगली. फोटोवाला एका जागी थांबेना, समोरून काढ, बाजूनं काढ, झुलीसकट काढ.

मग मला उतरवलं. टॉवेल दिला, टोपी घातली. मी फोटोवाल्याकडं पाहून हसलो. त्यानं कॅमेरा खाली केला.

"रोल संपला भाऊ," तो म्हणाला.

त्या लग्नाचा अल्बम अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. पाव्हणे आले की मीना हटकून काढते. पानापानावर ललितराव, झूल घातलेले, मळवट भरलेले, तोंडात पोळी. परवा कोणीतरी एका फोटोच्या कोपऱ्यात बोट ठेवून विचारलं, "आणि वहिनी, हे काय दिसतंय, गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेलं?"

मीनानं अल्बम डोळ्यांजवळ नेला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "ते होय? ते यांचं कोपर. मान यांचा होता ना!"